सात ठोके

त्या रविवारी चार वाजून बारा मिनिटांनी स्टेनोंनी गाण्याच्या तबकडीवर सुई टेकवली आणि साडेतीन मिनिटांनी उचलली. तेवढ्या वेळात खोलीत तीन माणसं होती. तिघांचेही कान शाबूत होते. जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नाही, हे तिघांनाही कळलं. कुणी काही बोललं नाही. पुढचं सगळं या न बोलण्यातून झालं.

स्टेनो म्हणजे कोर्टातले निवृत्त लघुलेखक. चौतीस वर्षं त्यांनी साक्षी लिहून घेतल्या. साक्षीदार बोलला ते, बोलला तसं, आणि अडखळला तिथे एक छोटी आडवी रेघ. नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. दुसरे होते मामा, स्टेनोंच्या वारलेल्या बायकोचे धाकटे भाऊ. चित्रांना चौकटी करून द्यायचं त्यांचं दुकान होतं. तिसरी स्टेनोंची एकुलती मुलगी. ती शाळेत गणित शिकवायची आणि दोन रस्ते पलीकडे राहायची.

दर रविवारी चार वाजता जमायचं, हे एकतीस वर्षं चालू होतं. एक बाजू ऑपेराची, एक बाजू जॅझची. ऑपेरा स्टेनोंचा, जॅझ मामांचा. तबकडी फिरत असेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. संपल्यावर मात्र मनसोक्त भांडायचं, आणि भांडण पुरेसं झालं की चहा. सुई टेकवायचा आणि उचलायचा मान बायकोचा होता. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. ती गेल्यानंतरच्या सहा वर्षांत हे काम स्टेनोंकडे आलं. त्यांनी ते घेतलं, पण मान मिळाल्यासारखं नाही.

ऑपेराची एक गायिका घरात 'बाईसाहेब' या नावाने ओळखली जायची, आणि जॅझचा एक तुतारीवाला 'फुग्या' या नावाने, कारण पाकिटावरच्या फोटोत त्याचे गाल फुटतील की काय असं वाटे. दोघंही कधीचे मरून गेलेले. बाईसाहेबांची तबकडी शंभराहून जास्त वर्षं जुनी, एकाच बाजूला गाणं असलेली; गाणं नायिकेच्या मरणाचं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं आणि वरचा स्वर लावताना एक पाऊल मागे सरायचं, नाहीतर कोरणारी सुई उडायची. नीट ऐकलं तर ते पाऊल ऐकू येतं, असं स्टेनो म्हणत. आवाज जरा लांब जातो आणि मग त्या चरचरीतून, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशा चरचरीतून, एकटाच वर चढतो.

"तुमच्या बाईसाहेब मरायला किती वेळ घेतात, भाऊजी," मामा दर दोन-तीन महिन्यांनी म्हणत. "एवढ्यात डॉक्टर येऊन तपासून गेला असता."

"तुझ्या फुग्याचं काय? सुरुवात करतो, गाणं विसरतो आणि उरलेला वेळ शोधत बसतो."

"आणि सापडतं ना शेवटी! तुमच्या बाईला तर सगळं आधीच माहीत असतं. त्यात काय मजा?"

एकोणतीस वर्षांपूर्वी अशाच एका भांडणात दोघांनी नियम मोडला होता. तबकडी चालू असतानाच वाद सुरू झाला: वरच्या स्वरात बाईसाहेब मध्येच श्वास घेतात की नाही. मामा म्हणाले घेतात, स्टेनो म्हणाले अशक्य. आवाज चढत गेले. बायकोने वैतागून सुईचा दांडा खसकन उचलला आणि जाता जाता सुई तबकडीवरून घसरली. तिरका, केसासारखा ओरखडा. नखाला लागणार नाही इतका उथळ. पण तेव्हापासून बरोबर त्या स्वरात सुई सात फेऱ्यांत सात वेळा ठोका द्यायची. पाच सेकंदांत सात ठोके.

"घ्या," बायको म्हणाली होती. "तुमचं भांडण आता बाईसाहेबांच्या गळ्यात कायमचं."

ते ठोके मामा दर वेळी खुर्चीच्या हातावर बोटाने मोजत. मुलगी लहानपणी त्यांच्याबरोबर मोजायची. बायको गेल्यावर ही तबकडी वर्षातून चार-पाच वेळाच लागे, आणि त्या पाच सेकंदांत तिघंही एकमेकांकडे बघत नसत.

स्टेनोंची एक वही होती. तारीख, तबकडी, सुई, शेरा असे रकाने. बाईसाहेबांच्या नावासमोर पहिल्या नोंदीत लिहिलं होतं: 'ठोके सात. कारण: घरातल्या न्यायाधीश.' त्याखाली प्रत्येक नोंदीत वरच्यासारखंच, म्हणून दोन टिंबं. तबकडीच्या गोल कागदावर मात्र त्यांनी कधी काही लिहिलं नाही, खूण केली नाही. तिथे लिहिणारा माणूस मित्राच्या कपाळावरही लिहील, असं त्यांचं मत होतं.

आता त्या रविवाराकडे.

त्याआधी स्टेनो पाच आठवडे घरी नव्हते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आधी उजवा, मग डावा, आणि मधला वेळ ते मुलीकडे राहिले. घराची एक किल्ली मुलीकडे, दुसरी मामांकडे. मामांची किल्ली बायकोच्या आजारपणापासूनची होती. या पाच आठवड्यांत मुलीने रेकॉर्ड वाजवायचं मशीन दुरुस्तीला टाकलं. त्याचा पट्टा सैल पडून गाणं लडखडत होतं. मशीन तीन मजले उतरवून नेलं मुलीने, परत आणलं मामांनी. बाबांना घरी आल्यावर सुखद धक्का, असा बेत होता.

घरी आल्यावर स्टेनोंना लांबचं लख्ख दिसत होतं. समोरच्या इमारतीवरचं पाखरू दिसे, स्वतःच्या हाताची नखं दिसत नसत. जवळचा चष्मा मिळायला अजून तीन आठवडे होते. वहीत लिहिणं हाताच्या सवयीने चाले. कपाटातून पाचवं पाकीट बाईसाहेबांचं, हे बोटांना माहीत होतं.

त्यांनी सुई टेकवली. चरचर सुरू झाली, नेहमीपेक्षा कमी. बाईसाहेब आल्या. नेहमीचं ते एक पाऊल मागे सरल्या. स्वर लागला.

मामांचं बोट खुर्चीच्या हातावर उचललं गेलं होतं. लांबचं असल्याने ते स्टेनोंना स्वच्छ दिसलं. बोट तसंच राहिलं. स्वर पाच सेकंद टिकला, उतरला, आणि बोट अलगद खाली आलं. मुलीने चहाच्या कपांकडे बघितलं.

एकही ठोका नाही.

"काय स्वच्छ वाजली हो," मामा म्हणाले.

"पट्टा नवा आहे ना," मुलगी म्हणाली.

"हो, पट्टा," स्टेनो म्हणाले.

मग त्यांनी न बोलता फुग्या लावला. मामांच्या तबकड्या म्हणजे खेडेगावचा रस्ता. त्या नखाने चाचपता येतील अशा ओरबाडलेल्या होत्या. फुग्याचे सगळे खड्डे जागच्या जागी होते. दुसऱ्या मिनिटाला दोन धक्के, शेवटी मोठा दणका. म्हणजे मशीन ठोके गिळत नव्हतं. दोष मशीनचा नव्हता. ही खात्री करून घेण्यासाठीच त्यांनी फुग्या लावला होता. दोघं गेल्यावर वहीत नोंद केली: 'खरखर कमी, नवा पट्टा. ठोके शून्य.' सुईच्या रकान्यात हाताने नेहमीची दोन टिंबं दिली. घरातली सुई स्टेनोंशिवाय कुणी बदलत नसे.

त्या संध्याकाळी त्यांनी हिशेबाने विचार केला. ओरखडा आपोआप भरून येत नाही. म्हणजे ही ती तबकडी नाही. त्याच गाण्याची दुसरी प्रत आहे, चांगल्या स्थितीतली. चांगली प्रत ठेवून वाईट कोण चोरेल? कुणीच नाही. म्हणजे चोरी नाही. जुनी फुटली आणि कुणाला कळू नये म्हणून दुसरी शोधून पाकिटात सरकवली. कोणी? किल्ल्या दोन.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. मामांनी ठोके मोजायला बोट उचललं होतं. ठोके आले नाहीत हे त्यांना कळलं होतं. निर्दोष माणूस ताडकन म्हणाला असता, अहो भाऊजी, ठोके कुठे गेले? ते म्हणाले, काय स्वच्छ वाजली. खाई त्याला खवखवे.

स्टेनोंनी भिंग काढलं. भिंगातून तबकडी म्हणजे काळं धुकं दिसली. दुसऱ्या कुणाला 'जरा बघ' म्हणता आलं असतं, पण ती तबकडी हातात धरू देण्याइतकी जवळची माणसं दोनच होती, आणि संशय त्याच दोघांवर होता.

सोमवारी मुलगी डोळ्यांत थेंब घालायला आली.

"मशीन नेलंस तेव्हा वर काही होतं?"

"वर म्हणजे?"

"तबकडी."

"नाही." मग जरा थांबून, "नाही बाबा. का?"

"सहज."

"तुम्ही आयुष्यात कधी सहज काही विचारलं नाही. मान मागे करा."

"आणताना मामा एकटाच होता?"

थेंब डोळा चुकवून गालावर पडला.

"एकटाच," ती म्हणाली. "त्याला तीन मजले झेपत नाहीत, तरी हट्टाने एकट्याने आणलं." तिने कापसाने गाल पुसला. "बाबा, कधीकधी हातून होतं माणसाच्या."

"काय होतं?"

"काही नाही. थेंब सांडतात."

स्टेनोंनी मनात एक आडवी रेघ मारली.

दुपारी त्यांनी मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. हा रेडिओवाला त्यांच्याच वयाचा होता, बोलघेवडा, एका पट्ट्यावर अर्धा तास बोलेल असा. स्टेनोंनी कोर्टात पाहिलं होतं की बोलघेवडा साक्षीदार खटला बुडवतो.

"विचारतो तेवढंच सांगा. मशीन आलं तेव्हा त्यावर तबकडी होती?"

"नव्हती साहेब. पण मी त्याचं ते—"

"विचारलं तेवढंच. परत नेताना होती?"

"छे. मोकळं मशीन नेलं ना त्यांनी. साहेब, एक सांगायचं राहिलंय—"

"आभारी आहे," म्हणून स्टेनोंनी फोन ठेवला. हवं ते मिळालं होतं. तबकडी जिन्यात फुटली नव्हती. ती घरातच, कुणीतरी मुद्दाम कपाटातून काढून, वाजवायला जाऊन फुटली होती.

गुरुवारी ते जुन्या तबकड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार शेंगदाणे खात बसला होता.

"या साहेब. डोळे झाले? मला ओळखलंत म्हणजे झालेच."

"बाईसाहेबांची ती एकबाजूची तबकडी. एवढ्यात कुणी मागितली?"

"मागितली की. तुमचे मेहुणेच येऊन विचारून गेले."

स्टेनोंनी काउंटरची कड धरली. "कधी?"

"झाले असतील आठ दिवस. नाहीतर पंधरा. मला विचारू नका, या दुकानात रोज एकच दिवस असतो."

"दिलीत त्यांना?"

दुकानदाराने टरफलं फुंकली. "साहेब, एका गिऱ्हाइकाचं मी दुसऱ्याला सांगत नाही. उद्या ते आले तर तुमचंही सांगणार नाही. चालेल ना?"

चालणारच होतं. स्टेनोंना आणखी काही विचारायचं नव्हतं.

रविवारी चारला मामा किल्लीने दार उघडून आत आले, नेहमीसारखे, कपड्यांवर लाकडाचा भुसा घेऊन. मुलगी आधीच आली होती. मशीनचं झाकण बंद होतं. स्टेनो टेबलाशी बसले होते, समोर वही.

"आज कुणाची पाळी?" मामा म्हणाले. "माझी ना?"

"बसा," स्टेनो म्हणाले.

मामा बसले नाहीत. "भाऊजी, मी 'बसा' कधीपासून झालो?"

"पाच आठवडे तुमच्याकडे किल्ली होती. मशीन तुम्ही आणलंत. बाईसाहेबांची चौकशी तुम्ही दुकानात केलीत. गेल्या रविवारी तुम्ही बोट उचललंत आणि खाली ठेवलंत. एवढं बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"कपाटात आहे ती तबकडी माझी नाही."

मामांनी भाचीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. मामा तिच्याकडे दोन-तीन सेकंद बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले.

"मी फोडली," ते म्हणाले.

"मामा!" मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस, चिमणे. भाऊजी, मी फोडली. तुम्ही नव्हता, घर ओकंबोकं वाटलं, म्हटलं ताईचा ओरखडा ऐकावा. पाकिटातून काढताना हातातून सुटली."

"किती तुकडे?"

"चार."

"कुठे आहेत?"

"टाकले."

"कुठे टाकलेत?"

"कचऱ्यात."

स्टेनोंचा हात वहीवर चालत होता. तो थांबला. "तिचा हात लागलेली ती एकच खूण होती," ते म्हणाले. "ती तुम्ही कचऱ्यात टाकलीत आणि माझ्यासमोर बसून म्हणालात, काय स्वच्छ वाजली."

स्टेनोंनी वही मिटली.

"किल्ली ठेवून जा. रविवारी येऊ नका."

मामांनी खिशातून जुडगा काढला. त्यातली एक किल्ली कडीतून निघता निघेना. भुशाने भरलेल्या नखाने त्यांनी ती सोडवली, टेबलावर ठेवली, कपाटातून फुग्या काढून बगलेत मारला. दाराशी वळून म्हणाले, "चिमणे, त्यांचे थेंब चुकवू नकोस."

त्यानंतर दोन रविवार चार वाजले आणि पाच वाजले. मशीनचं झाकण उघडलं नाही. मुलगी थेंब घालायला येई आणि लगेच निघे. एकदा ती म्हणाली, "मुद्दाम नाही केलं त्याने."

"लपवलं मुद्दाम."

"तुम्हाला सांगायची भीती वाटली असेल."

"मी काय वाघ आहे?"

"नाही," ती म्हणाली. "वाघ वही ठेवत नाही."

चष्मा बुधवारी मिळाला. स्टेनोंनी घरी येऊन आधी हात पाहिले, मग वर्तमानपत्र, आणि मग दिव्याखाली बाईसाहेबांची तबकडी. ही परकी तबकडी नेमकी कोणत्या कारखान्याची, कोणत्या साली काढलेली, ते छापील आकड्यांवरून कळेल असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे नोंद पुरी झाली असती.

त्यांनी तबकडी तिरपी केली. उजेड घसरत कडेपासून आत गेला, आणि जिथे वरचा स्वर असतो तिथे अडला. तांदळाच्या दाण्याहून लहान, तिरकी, केसासारखी रेघ.

तबकडी त्यांनी हलकेच टेबलावर ठेवली. मग त्यांनी वहीतून मामांचा जबाब वाचून काढला. सरळसोट ओळी होत्या. पूर्ण जबाबात आडवी रेघ एकही नव्हती. कोर्टात हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. खरं सांगणाऱ्याला आठवावं लागतं, म्हणून तो अडखळतो. मामा कुठेच अडखळले नव्हते. हे तेव्हा त्यांच्याच हाताने लिहिलं होतं आणि तरी दिसलं नव्हतं.

मशीनचं झाकण त्यांनी पूर्ण मागे टाकलं. आतल्या बाजूला, मशीन आल्यापासून झाकण उघडताना नाकासमोर असेल अशी, एक छोटी कागदाची पुडी चिकटपट्टीने लावलेली होती. तिच्यावर रेडिओवाल्याचं अक्षर: 'साहेब, जुनी सुई आत आहे. झिजली होती म्हणून बदलली. नवी बारीक आहे, खाचेत जास्त खाली बसते, त्यामुळे वरवरचे ओरखडे तिला लागत नाहीत. खोल असतील ते लागणारच. पसंत नसेल तर जुनी परत लावा.'

बदललेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही त्या माणसाची जुन्या वळणाची सवय. हेच त्याला फोनवर सांगायचं राहिलं होतं.

स्टेनोंनी जुनी सुई बसवली. चरचर पूर्वीसारखी झाली. बाईसाहेब एक पाऊल मागे सरल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

त्यांनी मुलीला फोन केला. ती शाळेतून तशीच आली, हाताला खडू. स्टेनोंनी काही न सांगता तबकडी लावली. सातव्या ठोक्याला ती खाली बसली. पुडी वाचून तिने बापाकडे पाहिलं.

"म्हणजे मामाने काहीच केलं नाही."

"नाही."

"मग तो हो का म्हणाला?"

"तू त्या दिवशी पांढरीफटक का पडली होतीस?"

"कारण मला वाटत होतं त्यानेच फोडली आणि आता तुम्ही त्याला पकडलंत. पहिल्या रविवारीच मला वाटलं होतं. म्हणून तर मी पट्ट्यावर ढकललं." ती बोलता बोलता थांबली. गणिताच्या शिक्षिकेला पुढची पायरी लगेच दिसली. "आणि त्याला वाटलं, मी."

मामांच्या दुकानात काच कापायचं काम चालू होतं. स्टेनो दारात उभे राहिले. मामांनी मान वर केली नाही. काच कापायची हिरकणी काचेवरून ओढली, टेबलाच्या कडेवर काच टेकवली, आणि टक करून मोडली.

"तबकडी तीच आहे," स्टेनो म्हणाले. "रेडिओवाल्याने सुई बदलली होती."

मामांनी काचेचा तुकडा बाजूला ठेवला. "आणि ओरखडा?"

"आहे. चष्म्याने दिसला. ठोके सात."

"चिमणीने नाही ना फोडली?"

"कुणीच नाही फोडली."

"चला, सुटलो," असं म्हणून मामा स्टुलावर बसले. हातातली हिरकणी त्यांनी उगीच पुसली. "दुसऱ्या दिवशीच त्या शेंगदाणेवाल्याकडे गेलो होतो मी. पोरीने तिथून प्रत घेतली का विचारायला. म्हटलं, तुम्हाला कळायच्या आत तिला गाठून सांगावं की बाबांना सरळ सांगून टाक. पण त्याने काही दाद दिली नाही."

"त्याने मलाही दिली नाही."

"भाऊजी, एक विचारू? तुम्हाला ठोके ऐकू आले नाहीत. समोर मी बसलो होतो. 'मामा, ठोके कुठे गेले रे?' एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालात?"

"तू म्हणशील म्हणून थांबलो होतो."

"मी तुमच्या पोरीला सांभाळत होतो. तुम्ही काय सांभाळत होता?"

स्टेनोंच्या जबाबात एक आडवी रेघ पडली. चौतीस वर्षांत ती इतरांच्याच जबाबात पडली होती.

"माझं चुकलं," ते शेवटी म्हणाले. "रविवारी ये. पाळी तुझी आहे."

"बघू," मामा म्हणाले आणि पुढची काच घेतली.

रविवारी चार वाजता मामा आले नाहीत. चार वाजून सहा मिनिटांनी बेल वाजली. मामांना किल्ली मिळाल्यापासून रविवारची बेल वाजली नव्हती, तेव्हा मुलगी आधी गोंधळली, मग दार उघडायला धावली. मामा दारात उभे होते, बगलेत फुग्या.

"येऊ का?"

"मामा, असं काय रे विचारतोस?"

"विचारावं लागतं, चिमणे. मी नोंद असलेला गुन्हेगार आहे."

ती हसली. स्टेनोंनीही हसायचा प्रयत्न केला. मग त्यांनी टेबलावरची किल्ली उचलून मामांसमोर धरली.

मामांनी ती पाहिली, पण हात पुढे केला नाही. "राहू दे तिथेच," ते म्हणाले. "बेल चांगली आहे तुमची. वाजवत जाईन."

"मामा, अरे..." स्टेनो म्हणू लागले.

"भाऊजी, फुग्या लावा. मग बाईसाहेब. आणि चालू असताना बोलायचं नाही."

फुग्याने नेहमीप्रमाणे गाणं हरवलं, शोधलं आणि त्याला सापडलं. मग बाईसाहेब आल्या. वरच्या स्वराला मामांनी बोट उचललं आणि खुर्चीच्या हातावर ठोके मोजले. मुलीने कपाच्या कानावर मोजले. स्वर उतरला. या वेळी तिघांनीही एकमेकांकडे बघितलं.

"मध्येच श्वास घेतात बाईसाहेब," मामा म्हणाले. "तेव्हाही म्हणालो होतो."

"अशक्य," स्टेनो म्हणाले.

दोघं गेल्यावर त्यांनी वही उघडली. सुईच्या रकान्यात हात टिंबांकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. चष्मा लावून मशीनच्या दांड्याखाली नीट पाहिलं, आणि मगच लिहिलं: 'सुई जुनी, डोळ्यांनी पाहिली. ठोके सात. उपस्थित तीन. किल्ली टेबलावर.'